परदेशी शिक्षकाचा संसार

शिक्षक म्हटला की एक गाव, एक शाळा आणि निवृत्तीपर्यंत तोच फळा, असे चित्र आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु हा व्यवसाय देशाच्या सीमेपलीकडेही नेता येतो, आणि अलीकडे पुष्कळजण तो नेतात. बेलूरच्या औद्योगिक वसाहतीत कामास असलेल्या पालकांना परगावची नोकरी म्हणजे काय, हे सांगावयास नकोच. त्यांच्या मुलांपैकी कोणास शिक्षक होऊन दूरदेशी जावेसे वाटले, तर त्यात काय मिळते व काय सोडावे लागते, एवढे येथे सांगण्याचा आमचा विचार आहे.

‘आंतरराष्ट्रीय शाळा’ हे नाव आज कोणत्याही इमारतीवर दिसते. नुसत्या पाटीवरून भुलू नये. मूळ कल्पना निराळी होती. पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघाची कचेरी जिनीव्हा येथे आली. तेथे नाना देशांचे अधिकारी सहकुटुंब राहावयास आले आणि त्यांच्या मुलांसाठी १९२४ मध्ये अशी एक शाळा निघाली. एका देशातून दुसऱ्या देशात जाणाऱ्या मुलांना कोठेही चालेल अशी परीक्षा हवी, या गरजेतून १९६८ मध्ये जिनीव्हातच ‘इंटरनॅशनल बॅकलॉरिएट’ ही संस्था स्थापन झाली. पुण्याजवळ पौड येथे १९९७ पासून चालू असलेले युनायटेड वर्ल्ड कॉलेज याच अभ्यासक्रमाचे आहे. याहून वेगळा वर्ग आखाती देशांतील भारतीय शाळांचा. मस्कत, दुबई, बहारीन येथे आपल्या लोकांची मुले दिल्लीच्या केंद्रीय मंडळाचा अभ्यासक्रम शिकतात, आणि भारतातून जाणाऱ्या शिक्षकांपैकी अनेकांना तेथेच जागा मिळते.

अशा नोकरीस पदवी, बी.एड. आणि काही वर्षांचा अनुभव बहुधा लागतो. करार पुष्कळदा दोन वर्षांचा असतो. चांगली शाळा राहावयास घर, विमानाचे भाडे व स्वतःच्या मुलांच्या फीची सवलत देते. मात्र तेथे राहण्याचा परवाना बहुधा नोकरीस बांधलेला असतो. करार संपला की घरही जाते आणि देशही सोडावा लागतो. निवृत्तिवेतनाची सोय तर क्वचितच असते. तेव्हा पगाराचा आकडा पाहून हरखून न जाता कराराची सर्व कलमे आधी वाचावीत, असे आम्ही आग्रहाने सांगू.

परदेशी शिकविणे ही काही आजची गोष्ट नव्हे. बासेल मिशनचे फर्डिनांड किटेल १८५३ मध्ये जर्मनीहून आपल्या भागात आले, कन्नड शिकले, आणि १८९४ मध्ये त्यांचा कन्नड-इंग्रजी कोश प्रसिद्ध झाला. उलट दिशेने गेलेला आपला माणूस म्हणजे धर्मानंद कोसंबी. ते गोव्यातील साखवाळचे, १८७६ मध्ये जन्मलेले. आमची घरची बोली कोंकणी असल्यामुळे त्यांच्याविषयी आम्हांस किंचित अधिक जिव्हाळा वाटतो, हे वाचकांनी समजून घ्यावे.

कोसंबींपाशी एकही पदवी नव्हती. बुद्धाविषयी मूळ ग्रंथांतून जाणून घ्यावयाचे, या एका ध्यासाने १८९९ मध्ये त्यांनी घर सोडले. पुणे, काशी, नेपाळ, सिंहलद्वीप, ब्रह्मदेश असा प्रवास करून ते पालीचे पंडित झाले. कलकत्त्यातील अधिक पगाराची जागा सोडून त्यांनी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचे दरमहा पन्नास रुपये पत्करले, कारण त्यांस महाराष्ट्रात राहून काम करावयाचे होते. हार्वर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक वुड्स यांनी त्यांना बोलाविले आणि १९१० मध्ये ते अमेरिकेस गेले. ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाचे संपादन वॉरन नावाच्या विद्वानाच्या मृत्यूमुळे अपुरे राहिले होते. ते पुरे करण्याचे काम त्यांच्याकडे आले. संपादनाच्या श्रेयावरून प्राध्यापक लॅनमन यांच्याशी मतभेद झाला, तेव्हा १९१२ मध्ये ते सरळ परत आले व पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवू लागले. पुढे १९१८, १९२६ व १९३१ मध्ये ते पुन्हा हार्वर्डला गेले. मध्यंतरी १९२९ मध्ये लेनिनग्राडलाही त्यांनी अध्यापन केले.

हे वाचून कोणासही हुरूप यावा. पण या जमाखर्चाची दुसरी बाजू आहे. १८९९ मध्ये ते निघाले तेव्हा घरी पत्नी बाळाबाई व तान्ही मुलगी माणिक होती. मागे राहिलेल्या त्या माउलीने काय सोसले असेल, याची कल्पनाच करावी. थोरांच्या चरित्रांत ही बाजू चार ओळींत उरकली जाते, हे आम्हांस नेहमीच खटकते. १९१८ मध्ये मात्र माणिक आणि दामोदर या दोघा मुलांना ते अमेरिकेस घेऊन गेले. दामोदर १९२९ मध्ये हार्वर्डचे पदवीधर झाले आणि गणित व प्राचीन भारताचा इतिहास या दोन्ही विषयांत त्यांनी नाव मिळविले. परदेशी नोकरी मुलांस काय देऊ शकते, याचे हे उदाहरण. आजच्या शिक्षकानेही जाण्यापूर्वी घरच्यांशी हेच बोलावे: मुले बरोबर येणार की मागे राहणार, वडीलधाऱ्यांकडे कोण पाहणार, मुलांची मराठी टिकविण्यास घरी कोण वेळ देणार.

एका गोष्टीत आपल्या धारवाडकडील मुले मागे नाहीत. शाळेत मराठी, बाजारात कन्नड, पुस्तकांत हिंदी-इंग्रजी, आणि काहींच्या घरी कोंकणी! शेजारच्या मुलाला आपली भाषा येत नसताना त्याच्याशी खेळ कसा मांडावा, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक असते. वीस देशांची मुले एका वर्गात बसतात तेथे शिक्षकास रोज हेच करावे लागते. इंग्रजी मात्र निर्दोष बोलण्या-लिहिण्याचा सराव आतापासून हवा.

कोसंबींचे १९४७ च्या जून महिन्यात सेवाग्राम येथे निधन झाले. ‘विसुद्धिमग्गा’ची त्यांची देवनागरी आवृत्ती १९४० मध्येच मुंबईस भारतीय विद्या भवनाने काढली होती. ज्या कामासाठी ते प्रथम अमेरिकेस गेले, ती हार्वर्डची आवृत्ती १९५० मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यावर वॉरन व कोसंबी अशी दोघांचीही नावे आहेत.