जेवल्यानंतर पोट का दुखते?

जेवणानंतर पोटात दुखू लागले की त्याला गॅस किंवा पित्त म्हणून मोकळे होण्याची सवय यवतमाळ जिल्ह्यातच काय, साऱ्या महाराष्ट्रात आहे. परंतु अन्न गिळल्यानंतर अनेक अवयव एकामागून एक कामाला लागत असल्यामुळे दुखणे नेमके कोठे आणि जेवणानंतर किती वेळाने सुरू होते, यावरून कारणाचा माग बराच काढता येतो. अन्न आत आले की जठर सैलावते आणि आम्ल स्रवू लागते. अन्नातील तेल-तूप लहान आतड्याच्या पहिल्या भागात, म्हणजे आद्यांत्रात पोहोचले की तेथून कोलेसिस्टोकायनिन हे संप्रेरक, म्हणजे रक्तावाटे निरोप नेणारे रसायन, सुटते आणि त्याच्या प्रभावाने पित्ताशय आकसून पित्तरस आतड्यात सोडते, तर स्वादुपिंड पाचकरस सोडते. यांपैकी ज्या अवयवात बिघाड असेल, तो आपल्या कामाच्या वेळी दुखतो.

जठरात व्रण, म्हणजे आतल्या अस्तराला पडलेली जखम असेल, तर बहुधा जेवणानंतर लवकरच बेंबीच्या वर जळजळ व दुखणे सुरू होते. याउलट आद्यांत्रातील व्रण खाल्ल्याने तात्पुरता शांत होतो आणि दोन-तीन तासांनी, किंवा मध्यरात्रीनंतर झोपमोड करून पुन्हा डोके वर काढतो. हे व्रण तिखटामुळे आणि काळजीमुळे होतात असे वैद्यकशास्त्रही दीर्घकाळ मानत होते. मात्र 1982 साली ऑस्ट्रेलियातील बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू शोधून त्याचा या आजाराशी असलेला संबंध दाखवला आणि 2005 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यामुळे ठेचा-भाकरीवर सगळे खापर फोडणे न्यायाचे नाही: मिरची असलेली जळजळ वाढवते, पण व्रण मुख्यतः या जिवाणूमुळे किंवा वेदनाशामक गोळ्यांमुळे पडतात. हे दुसरे कारण शेतीवर जगणाऱ्या जिल्ह्यात फार गांभीर्याने घ्यायला हवे, कारण निंदणी आणि वेचणीच्या दिवसांत कंबर व सांधे दुखू लागले की डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेनसारखी गोळी दुकानातून आणून, पुष्कळदा उपाशीपोटी घेतली जाते. जठराच्या अस्तराचे रक्षण करणाऱ्या प्रोस्टाग्लँडिन या द्रव्यांची निर्मितीच या गोळ्या रोखतात, आणि अंगदुखी थांबत असतानाच पोटातली जखम खोल होत जाते. जिवाणूचे निदान श्वासाच्या, विष्ठेच्या तपासणीने किंवा दुर्बिणीने होते आणि आम्ल कमी करणारे औषध व प्रतिजैविके साधारण दोन आठवडे नेमाने घेतल्यास तो बहुधा नाहीसा होतो.

पित्ताशयातील खडे हे कारण या जिल्ह्यात वेगळे महत्त्व मिळवते. तेलकट जेवणानंतर पित्ताशय आकसते, खडा त्याच्या तोंडाशी अडकतो आणि उजव्या बरगडीखाली किंवा पोटाच्या वरच्या मध्यभागी कळ येऊन ती पाठीत व उजव्या खांद्यापर्यंत जाते. अर्ध्या तासापासून काही तास टिकून ती ओसरते, आणि म्हणूनच रुग्ण आता बरे आहे असे समजून गप्प बसतो. सर्वसाधारणपणे हा मध्यमवयीन, विशेषतः स्त्रियांचा आजार समजला जातो, पण सिकलसेलच्या रुग्णांत हे खडे शाळकरी वयातही सापडतात. सिकलसेल हा आईवडील दोघांकडून सदोष जनुक आल्याने होणारा रक्ताचा आजार गोंड, परधान यांसारख्या आदिवासी समाजांत आणि विदर्भातील काही अनुसूचित जातींत मोठ्या प्रमाणावर आढळतो. निरोगी तांबडी रक्तपेशी सुमारे 120 दिवस जगते, तर विळ्याच्या आकाराची सिकल पेशी 10 ते 20 दिवसांतच फुटते. फुटलेल्या पेशींतून बिलिरुबिन हे पिवळे रंगद्रव्य सतत तयार होते आणि पित्तात साठून त्याचे काळपट खडे बनतात. सिकलसेलच्या वेदनेचा झटकाही पोटात येऊ शकत असल्याने दोहोंची गल्लत होते, आणि झटका समजून खड्याकडे दुर्लक्ष होण्याचा धोका खरा आहे. सिकलसेलग्रस्त मुलाला जेवणानंतर वारंवार उजवीकडे दुखत असेल, तर सोनोग्राफी टाळण्याचे कोणतेही कारण समर्थनीय ठरत नाही. शस्त्रक्रिया ठरली तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना सिकलसेलची कल्पना आधीच असली पाहिजे, कारण अशा रुग्णाला प्राणवायू, सलाइन आणि कधी आधीच रक्त देण्याची तयारी ठेवावी लागते. आदिवासी भागांतील 40 वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी करण्यासाठी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान 1 जुलै 2023 रोजी सुरू झाले आहे. त्या तपासणीचा कागद पोटदुखीसाठी जातानाही सोबत असावा.

बाकीची कारणे थोडक्यात सांगता येतात. कापूस वेचणारी बाई जेवून उठताच कमरेला झोळी बांधून तासन्‌तास वाकून राहते, तेव्हा भरल्या जठरावर दाब पडून आम्ल अन्ननलिकेत चढते आणि छातीमागे जळजळते. जेवणानंतर थोडा वेळ जाऊ देणे आणि झोळी सैल बांधणे एवढ्यानेही फरक पडतो. तूर व चण्यातील काही शर्करा लहान आतड्यात पचत नाहीत, मोठ्या आतड्यात जिवाणू त्या आंबवतात आणि काही तासांनी पोट फुगते. कडधान्य भिजवून ते पाणी टाकून दिल्यास हा त्रास कमी होतो. दूध प्यायल्यावरच मुरडा येत असेल, तर दुधातील लॅक्टोज ही शर्करा न पचणे हे कारण असू शकते. दारू पिणाऱ्यास जेवणानंतर पाठीपर्यंत जाणारी, पुढे वाकल्यावर किंचित सुसह्य होणारी तीव्र वेदना झाली, तर स्वादुपिंडाचा दाह असण्याची शक्यता मोठी असते. वयस्क आणि तंबाखू-विडी ओढणाऱ्या माणसाला प्रत्येक जेवणानंतर अर्ध्या-एक तासात दुखून तो जेवायलाच घाबरू लागला व वाळत गेला, तर आतड्याला रक्त नेणाऱ्या धमन्या अरुंद झाल्याची शंका घ्यावी लागते. याखेरीज जिल्ह्यातील पांढरकवड्याच्या परिसरातल्या भूजलात फ्लोराइड अधिक असल्याचे भूवैज्ञानिकांनी नोंदवले आहे. असे पाणी दीर्घकाळ पिण्याने दात व हाडे तर बिघडतातच, शिवाय फ्लोराइड जठराच्या आम्लाशी संयोग पावून अस्तराला चुरचुरवते, म्हणून तेथील पोटदुखीच्या विचारात विहिरीचे किंवा बोअरचे पाणीही धरले पाहिजे. तपासण्यांत काहीच न सापडणाऱ्या रुग्णांची संख्याही मोठी असते. त्यांचे दुखणे खोटे नसते, त्यांचे जठर व आतडी ताणाला अधिक संवेदनशील झालेली असतात.

काळी डांबरासारखी शौच, रक्ताची उलटी, कावीळ, विनाकारण वजन घटणे, घास अडकणे किंवा दुखण्यासोबत थंडी वाजून ताप, यांपैकी काहीही असल्यास घरगुती उपाय थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. पोटाच्या वरच्या भागात दाब, घाम आणि दम लागणे एकत्र आले, तर ते हृदयविकाराचेही असू शकते, तेव्हा सोडा किंवा इनोवर वेळ न घालवता 108 क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी आणि सर्वांत आधी ईसीजी काढण्याचा आग्रह धरावा.