खरखरीचा सूर आणि ध्वनीची मक्तेदारी

कलेत ‘शुद्ध’ काय आणि ‘अशुद्ध’ काय, हे ठरविण्याचा अधिकार कोणाकडे असतो, हा आपला जुना प्रश्न आहे. पाश्चात्त्य पॉप संगीतातही तो वेगळ्या रूपाने उभा राहिला. तिथे निवाडा करणारे शास्त्रीपंडित नव्हते. महागडे स्टुडिओ आणि ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कंपन्या होत्या. त्यांच्या कसोटीला न उतरणाऱ्या घरगुती ध्वनिमुद्रणाला पुढे ‘लो-फाय’, म्हणजे हलक्या प्रतीच्या आवाजाचे, असे नाव पडले.

इंग्लंडमधील एसेक्स परगण्यातल्या विव्हन्हो गावचा मार्टिन न्यूएल हा या प्रवाहातला महत्त्वाचा गायक-गीतकार. जन्म १९५३ चा. उपाहारगृहात भांडी घासणे, लोकांच्या बागा राखणे ही त्याची पोटापाण्याची कामे. १९८० मध्ये लॉल एलियट या ड्रमवादकाबरोबर त्याने ‘क्लीनर्स फ्रॉम व्हीनस’ सुरू केले. परंतु गीत, चाल, गायन, गिटार यांचा बहुतेक भार त्याच्या एकट्यावरच असे. ‘मिडनाइट क्लीनर्स’ (१९८२) आणि ‘अंडर वॉरटाइम कंडिशन्स’ (१९८४) या कॅसेटी कंपन्यांना वगळून टपालाने श्रोत्यांच्या घरी गेल्या. चाली मात्र अशा, की एकदा ऐकल्या की दिवसभर ओठांवर राहाव्यात.

मग ही खरखर येते कोठून? फिलिप्सने १९६३ साली आणलेल्या कॅसेटची फीत चार मिलिमीटरहूनही अरुंद असते आणि सेकंदाला पाच सेंटिमीटरहूनही कमी सरकते. मोठ्या स्टुडिओतील फीत सुमारे पाच सेंटिमीटर रुंद आणि कितीतरी वेगवान. आवाजाच्या वाट्याला फीत जितकी कमी, तितकी खरखर अधिक. १९७९ मध्ये टीॲक कंपनीचे पोर्टास्टुडिओ हे यंत्र आले आणि साध्या कॅसेटवर चार आवाज वेगवेगळे मुद्रित करता येऊ लागले. पाचवा हवा असेल तर आधीचे एकत्र करून जागा मोकळी करायची; प्रत्येक वेळी खरखर थोडी वाढायची. म्हणजे खरखर ही प्रतिभेची उणीव नाही. ती साधनांच्या वाटपाची खूण आहे.

१९८१ मध्ये ब्रिटिश संगीत उद्योगाने ‘घरी कॅसेट भरणे संगीताचा जीव घेते आहे’ अशी मोहीम चालविली. त्याच कॅसेटने न्यूएलसारख्यांना मात्र वाचा दिली. आपल्याकडेही ऐंशीच्या दशकात स्वस्त कॅसेटने एका कंपनीची मक्तेदारी मोडली आणि भीमगीते वस्त्यावस्त्यांत, दीक्षाभूमी-चैत्यभूमीच्या दुकानांत पोहोचली.

तथापि हे साम्य फार ताणता येणार नाही. न्यूएलच्या वाट्याला श्रम आले, जात आली नाही. त्याचा खरखरीत आवाज कालांतराने ‘शैली’ म्हणून गौरविला गेला. २०१२ पासून अमेरिकेतील कॅप्चर्ड ट्रॅक्सने त्या जुन्या कॅसेटी नव्याने प्रसिद्ध केल्या. आपल्या शाहिरांच्या फाटक्या आवाजातील कॅसेटी आजही कोणाच्या तरी पेटीत बुरशी खात पडल्या आहेत. फितीवरचा चुंबकीय थर कायमचा टिकत नाही. त्या शोधून, नव्या साधनांवर उतरवून जपण्याचे काम प्रस्थापित करतील, या भ्रमात आपण राहू नये. ते आपल्यालाच करावे लागेल.