सरासरीच्या आड दडलेली उष्णता

रायपूरला मे महिन्यात पारा चाळीस अंशांच्या वर चढणे ही नवलाची गोष्ट नव्हे. एखाद्या दिवशी दुपारचे कमाल तपमान ४४ अंश सेल्सिअस आणि पहाटेचे किमान २८ अंश असेल, तर वेधशाळेच्या रूढ पद्धतीप्रमाणे त्या दिवसाचे सरासरी तपमान ३६ अंश ठरते. या आकड्याला आपले मोल आहे. दोन उन्हाळ्यांची तुलना त्याच्याच आधाराने करता येते. परंतु ३६ अंशांवर विश्वासून भर दुपारी अनवाणी कोणी घराबाहेर पडणार नाही. सरासरीचा हा स्वभाव ध्यानी घेऊन आता आपण टेबलावरील संगणकाकडे वळू.

संगणकातील सारे गणित प्रोसेसर नावाची सिलिकॉनची चिप करते. तिच्यात एकच नव्हे, तर चार, आठ किंवा त्याहूनही अधिक स्वतंत्र गणनाकेंद्रे असतात. त्यांना कोअर म्हणतात. चिपमध्येच सूक्ष्म तापमापक घडविलेले असतात. सिलिकॉनच्या डायोडमधून ठराविक प्रवाह सोडला, तर त्याच्या दोन टोकांमधील विद्युत्दाब दर अंशामागे सुमारे २ मिलिव्होल्टनी घटतो. या साध्या गुणधर्मावरून तपमान कळू शकते. लिनक्स प्रणालीत हे वाचन अंशाच्या हजाराव्या भागांत मिळते. ६२५०० असा आकडा आला, तर १००० ने भागून ६२.५ अंश समजावयाचे. लिनक्सवर कोंकी, विंडोजवर रेनमीटर अशा साधनांनी आपल्या आवडीप्रमाणे एक छोटा फलक पडद्याच्या कोपऱ्यात मांडता येतो. अशा फलकालाच विजेट म्हणतात. जागा थोडी असल्याने सर्व कोअरांची सरासरी काढून एकच आकडा दाखविण्याचा मोह साहजिकच होतो.

हा आकडा कोठे फसवितो ते उदाहरणाने पाहू. आठ कोअरांपैकी एकावर सारा भार पडून त्याचे तपमान ९४ अंश झाले आहे आणि उरलेले सात ५८ अंशांवर आहेत, असे समजा. बेरीज ५००, म्हणून सरासरी ६२.५. फलक पाहणारा निश्चिंत राहील. प्रोसेसर मात्र निश्चिंत राहणार नाही. त्याची संरक्षक योजना सरासरीकडे पाहत नाही, सर्वांत तप्त बिंदूकडे पाहते. ठरलेली मर्यादा, अनेक प्रोसेसरांत ती १०० अंशांच्या आसपास असते, गाठली गेली की तो आपला वेग आपण होऊन कमी करतो. तेवढ्याने भागले नाही, तर संगणक बंद पडतो आणि न साठविलेले काम गमावले जाते.

दुसरा धोका याहून सूक्ष्म आहे. एखादा तापमापक वाचन देईनासा होऊन शून्य दाखवू लागला आणि उरलेले सात ७० अंश दाखवीत असले, तर सरासरी ६१.२५ येईल. म्हणजे बिघाड झाला असता यंत्र थंड झाल्याचा भास होतो! म्हणून अशक्य वाचने आधी वगळावीत आणि मगच भागाकार करावा. तसेच डिस्क किंवा मदरबोर्ड यांची तपमाने कोअरांच्या बेरजेत मिसळू नयेत.

येथे खोलीतील हवेचाही विचार केला पाहिजे. पंख्याची गती आणि कामाचा भार तोच राहिला, तर प्रोसेसर आणि खोली यांच्या तपमानांतील फरक जवळजवळ कायम राहतो. २५ अंशांच्या खोलीत ६५ अंशांवर असणारा प्रोसेसर ४० अंशांच्या खोलीत ८० अंशांच्या घरात जातो. यात यंत्राचा दोष नसतो. परंतु खोली तीच, काम तेच आणि पंख्याची गतीही तीच असून फरक महिन्यागणिक वाढत चालला, तर उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पात्यांवर धूळ बसली असावी, अशी शंका घेण्यास जागा आहे. उरला आणि सिलतरा येथील लोखंडाच्या कारखान्यांच्या आसमंतात राहणाऱ्यांना धुळीचे महत्त्व निराळे सांगावयास नको.

मोठ्या गणनाकेंद्रांत ही चिंता वाहण्यास अभियंते असतात. पुण्याच्या आयसर संस्थेत २०१९ साली बसविलेल्या ‘परम ब्रह्म’ महासंगणकात उष्णता वाहून नेण्यास द्रवाची योजना केली आहे. नवा रायपूर येथेही २०२५ च्या मे महिन्यात कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी डेटा सेंटरची पायाभरणी झाली. छापखान्यात, हिशेबनिसाच्या कचेरीत किंवा विद्यार्थ्याच्या खोलीत मात्र पहारेकरी एकच, पडद्याच्या कोपऱ्यातील तो फलक.

म्हणून त्या फलकावर तीन आकडे असावेत. सरासरी एकंदर भार कसा आहे ते सांगते. सर्वांत तप्त कोअरचे तपमान धोका किती जवळ आहे ते सांगते. आणि खोलीशी असलेला फरक यंत्राची निगा नीट राखली जात आहे की नाही ते सांगतो. खोलीचे तपमान संगणकाला सहसा ठाऊक नसते. त्यासाठी भिंतीवरचा साधा तापमापक पुरे. जागा एकाच आकड्यापुरती असेल, तर सरासरीला बाजूस सारून सर्वांत मोठा आकडाच मांडावा.