आई-बाबा नाहीत, आता बजेट सांभाळा!

फ्लॅट शेअर करताना दूध कुणी आणायचं यावरून वाजतं ना? मग या भावंडांना भेटाच. अमेरिकन शिक्षिका गर्ट्रूड चँडलर वॉर्नर यांच्या १९२४ च्या गोष्टीतली चार अनाथ भावंडं मालगाडीच्या रिकाम्या डब्यात चक्क संसार थाटतात! कचऱ्यातून कप-बश्या शोधायच्या, धबधब्याआड दूध गार ठेवायचं; थोरला हेन्री कामावर जाणार. मोठ्यांशिवाय मुलं एवढी मजा करतातच कशी, अशी काही ग्रंथपालांची तक्रार होती.

सिंथिया व्हॉइट यांच्या ‘होमकमिंग’मध्ये (१९८१) मात्र मजा कमी, टेन्शन जास्त. आई चार मुलांना मॉलच्या पार्किंगमध्ये गाडीत ठेवून जाते, ती परत येतच नाही. १३ वर्षांची डायसी पै-पैचा हिशेब ठेवत तिघा धाकट्यांना पायी घेऊन निघते.

दोन्हीकडे मोठी भीती एकच, मोठी माणसं आपल्याला शोधून काढतील. लहानपणी यातलं साहस आवडतं. नोकरीला लागल्यावर वाचाल, तर डायसीचं हातातून निसटलेलं बालपण जास्त टोचेल. तुमच्याही घरात अशी एखादी ताई आहे? आज तिला फोन कराच!