बिघडलेली हार्ड डिस्क आणि पहिला तास

१ फेब्रुवारी २००३ रोजीं ‘कोलंबिया’ हें अमेरिकन अंतराळयान पृथ्वीवर परत येतांना आकाशांतच भंगलें. कल्पना चावला यांच्यासह सातहि अंतराळवीर मृत्युमुखीं पडले. यानाच्या विखुरलेल्या तुकड्यांत कांहीं महिन्यांनीं एका प्रयोगाची हार्ड डिस्क सांपडली. आवरण होरपळलेलें, कडेची बंदिस्ती वितळून आंत धूळ शिरलेली, अशी तिची दशा होती. तरी एका तज्ज्ञानें तिच्यांतील सुमारें ९९ टक्के मजकूर सोडवून आणला, आणि क्सेनॉन वायूसंबंधीचे त्या प्रयोगाचे निष्कर्ष २००८ मध्यें प्रसिद्ध झाले. तिच्या तबकड्यांचा लिहिलेला भाग शाबूत राहिला होता. घरांतील मेजावरून पडलेल्या डिस्कचा हाच भाग पुष्कळदां पडल्यामुळें नव्हे, तर पडल्यानंतरच्या तासाभरांत मालकाच्याच हातून नासतो.

बाह्य हार्ड डिस्क म्हणजे संगणकास केबलनें जोडावयाची एक लहान पेटी. तिच्या पोटांत ॲल्युमिनियमच्या किंवा कांचेच्या गुळगुळीत तबकड्या असतात व त्यांवर चुंबकीय लेप असतो. खिशांत मावणाऱ्या बहुतेक डिस्कांत त्या मिनिटास ५,४०० फेरे घेतात. मजकूर वाचणारें इवलेसें हेड तबकडीस टेकत नाहीं; फिरण्यानें उत्पन्न होणाऱ्या हवेच्या थरावर तें तरंगतें. हें अंतर अवघें कांहीं नॅनोमीटर असतें, आणि माणसाचा केस सुमारें ८०,००० नॅनोमीटर जाड असतो! ग्रामोफोनची सुई टेकल्यावांचून गाणें लागत नाहीं. येथें हेड टेकलें कीं लेपच खरवडून निघतो. (अलीकडील एसएसडी जातीच्या पेट्यांत फिरणारें कांहींच नसतें, त्यांचें दुखणें निराळें, व तें येथें घेतलेलें नाहीं.)

डिस्क दिसेनाशी झाली म्हणजे प्रथम कान द्यावा. दिवा लागत नाहीं व आवाजहि नाहीं, तर दोष केबलचा, जोडणीच्या खांचेचा किंवा पेटींतील लहानशा सर्किटचा असूं शकतो. दुसरी केबल व दुसरा संगणक एकदां लावून पाहावा. मोठ्या पेटीस वीज पुरविणारा स्वतंत्र अडॅप्टर असतो, तोहि तपासावा. पुष्कळांचें संकट एवढ्यावरच टळतें.

परंतु आंतून ठराविक अंतरानें टक् टक् असा आवाज येऊं लागला, तर तत्काळ वीज बंद करावी. हेडला आपली जागा सांपडत नाहीं, म्हणून तें पुनःपुन्हां मागें जाऊन आपटत असतें. बारीक पीं पीं असा सूर निघाला तर बहुधा हेड तबकडीस चिकटून मोटर अडली आहे असें समजावें. “आणखी एकदां लावून पाहूं,” हा मोह अशा वेळीं फार महाग पडतो.

तिसरा प्रकार फसवा आहे. डिस्क शांतपणें फिरते, पण संगणक म्हणतो कीं ती फॉर्मॅट केल्याखेरीज वापरतां येणार नाहीं. येथें होकार देऊं नये. ग्रंथालयाची सूची फाटली म्हणून फडताळांतील ग्रंथ नाहींसे होत नाहींत. संगणकाची दुरुस्तीची आज्ञाहि आधीं चालवूं नये. कारण ती सूचींतच फेरफार करते. प्रथम संपूर्ण डिस्कची जशीच्या तशी नक्कल दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यावी. जीएनयू डीडीरेस्क्यू हा विनामूल्य प्रोग्राम निरोगी भाग आधीं उतरवितो, अडलेले भाग नोंदून ठेवतो व शेवटीं त्यांकडे वळतो. पुढील शोध त्या नकलेवरच करावा, आणि सांपडलेलें सर्व तिसऱ्या ठिकाणीं ठेवावें.

घरगुती तोडग्यांस मात्र अंत नाहीं. डिस्क शीतपेटींत ठेवण्याचा उपाय आजहि सांगितला जातो. बाहेर काढतांच आंत दंव धरण्याचा संभव असतो, तो कोणी सांगत नाहीं. तशाच दुसऱ्या डिस्कचें सर्किट काढून लावावें, तर मूळ सर्किटवरील चिपमध्यें त्या एकाच डिस्कची मोजमापें असतात. पेटी फोडून आंतील डिस्क थेट जोडावी, तर कांहीं पेट्या मजकूर सांकेतिक करून ठेवतात. आणि झांकण उघडणें तर मुळींच नको. तज्ज्ञ तें काम धूळरहित खोलींत करतात.

अशा तज्ज्ञाकडे जाण्यापूर्वीं एक व्यावहारिक गोष्ट पाहावी. हमीची मुदत शिल्लक असली, तरी हमी साधारणतः यंत्राची असते, आंतील मजकुराची नव्हे. बदलून नवी डिस्क मिळते आणि जुनी, लग्नाच्या छायाचित्रांसह, परत येत नाहीं. शिवाय दुसऱ्याकडून ती उघडविल्यास हमी जाण्याचा संभव असतो. तेव्हां अटी आधीं वाचाव्या. तज्ज्ञाची फी डिस्कच्या किंमतीच्या कितीतरी पट होऊं शकते; म्हणून तपासणीचा व यश न आल्यासचा आकार आधींच लेखी विचारावा.

त्याहि आधीं कागद घेऊन डिस्कवर काय काय होतें याची यादी करावी, व प्रत्येक नांवापुढें तें आणखी कोणापाशीं असेल तें लिहावें. बारशाचीं छायाचित्रें मावशीच्या फोनमध्यें असतात, लग्नाचीं कदाचित् छायाचित्रकाराकडे, कागदपत्रें जुन्या ई-मेलांत. यादींतील बरीच नांवें अशीं खोडलीं जातात. एखादें नांव, बहुधा दिवंगत आजीचा ध्वनिमुद्रित आवाज, तेवढें उरतें. आणि तज्ज्ञाचा खर्च करावा कीं नाहीं हें मग त्या एका नांवाकडे पाहून घरच्यांना ठरवितां येतें.