विधायक विचारांची चित्रे : शाळेची भिंत आणि काठीचा दांडा

प्राथमिक शाळेच्या वर्गात चित्रे असावीत, ती मुलांच्या नजरेच्या उंचीवर लावावीत आणि त्यांतून मुलांच्या मनावर चांगले संस्कार व्हावेत, याविषयी शिक्षकांत दुमत नाही. परंतु कोणते चित्र मुलाच्या मनात उमेद निर्माण करते आणि कोणते केवळ भिंतीची जागा अडवते, या प्रश्नाचा विचार क्वचितच होतो. उगवता सूर्य, चिखलातून वर आलेले कमळ, खडकाच्या भेगेतून डोकावणारे रोप, अर्धा भरलेला पेला ही आशावादाची परिचित प्रतीके होत. छापील तक्त्यांवर ती असतात आणि आता रोज सकाळी मोबाइलवर येणाऱ्या संदेशांतूनही ती भेटतात. त्यांच्याखाली ‘अशक्य असे काहीच नाही’ या धर्तीचे एखादे वाक्य असते.

सातपुड्यातील एखाद्या पाड्यावरचे मूल हे वाक्य कसे वाचत असेल, याचा विचार करावयास हवा. आईबापांबरोबर ऊसतोडीला किंवा अन्य मजुरीला गेलेले मूल काही महिन्यांनी शाळेत परत येते. तेवढ्या अवधीत वर्ग पुष्कळ पुढे गेलेला असतो. आपल्याला वाचता येत नाही हे त्याला ठाऊक असते. अशा वेळी भिंतीवरचे वाक्य त्याला धीर देण्याऐवजी दोष देऊ लागते. सर्व काही शक्य असेल, तर मग आपणच कोठे तरी कमी आहोत, असा अर्थ ते बालमन काढते. असे मूल वर्गात टिकेल की पुन्हा निघून जाईल, हे पुष्कळदा या मूक निष्कर्षावर अवलंबून असते. म्हणून चित्रांची निवड हा केवळ सजावटीचा विषय मानता येणार नाही.

विधायक विचार म्हणजे काय?

विधायक विचार म्हणजे सदैव हसतमुख असणे किंवा अडचण दिसत असूनही ती नाही असे म्हणणे, अशी समजूत सर्वत्र आढळते. मानसशास्त्राचा निष्कर्ष याहून निराळा आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ सी. आर. स्नायडर यांनी १९९१ मध्ये आपल्या सहकाऱ्यांसह आशेची जी मीमांसा मांडली, तीनुसार आशेची तीन अंगे आहेत. मनुष्यापुढे काही साध्य असावे लागते. त्या साध्याकडे जाणारी वाट त्याला दिसावी लागते. आणि त्या वाटेने आपण स्वतः चालू शकू, असा विश्वास त्याला वाटावा लागतो. साध्य, वाट आणि कर्ता यांपैकी एकही अंग नसेल, तर आशा लंगडी पडते.

त्याच वर्षी गॅब्रिएले ओटिंगेन व टॉमस वॉडन यांनी वजन कमी करू इच्छिणाऱ्या काही स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आपल्याला यश येईल अशी ज्यांची अपेक्षा होती, त्यांचे वजन अधिक उतरले. परंतु यश मिळून गेल्याची सुखद कल्पनाचित्रे ज्या मनात रंगवीत बसल्या, त्यांचे वजन तुलनेने कमी उतरले. हा अभ्यास लहान होता व तो प्रौढ स्त्रियांचा होता, हे खरे. तथापि शिक्षकाला त्यातून एक उपयुक्त भेद मिळतो. यशाचे नुसते स्वप्न दाखविणारे चित्र मनाला सैल करू शकते. यशाकडे जाण्याचे श्रम ज्यात दिसतात, ते चित्र मनाला कामाला लावते.

परिचित प्रतीकांची परीक्षा

ही तीन अंगांची कसोटी हाती घेऊन भिंतीवरची चित्रे तपासून पाहावीत. उगवता सूर्य सुंदर असतो, परंतु तो कोणाच्याही प्रयत्नावाचून उगवतो. त्या चित्रात साध्य आहे असे मानले, तरी वाट नाही आणि कर्ताही नाही. हेच चित्र आपल्या परिसरात आणून पाहू. उन्हाळ्याच्या आरंभी मोहाची फुले पहाटे गळून पडतात आणि ती वेचण्यासाठी घरची माणसे, मुलांसह, टोपल्या घेऊन झाडाखाली जातात. मोहाचे झाड, त्याखाली वाकलेली माणसे, भरत आलेली टोपली आणि मागे डोंगराआडून वर येणारा सूर्य, असे चित्र काढले तर सूर्य तोच राहतो. पण मुलाला त्यात आपली आई दिसते व आपले हातही दिसतात.

अर्ध्या पेल्याचेही असेच आहे. पेला अर्धा भरलेला म्हणावा की अर्धा रिकामा, हा प्रश्न घरात नळ असणाऱ्यांना सुचतो. डोंगरउतारावरच्या झऱ्यावरून पाणी वाहून आणणाऱ्या मुलीला अर्ध्या हंड्याचा अर्थ अगदी स्पष्ट असतो : आणखी अर्धी खेप शिल्लक आहे. तिचे हे उत्तर निराशेचे म्हणता येणार नाही. काम किती झाले व किती उरले, हे दोन्ही ती जाणते. आणि विधायक विचाराचा आरंभ येथूनच होतो.

काठीच्या होळीचे दृश्य

अशा कसोटीला पुरेपूर उतरणारे एक दृश्य आपल्या जिल्ह्यातच दरवर्षी उभे राहते. अक्कलकुवा तालुक्यातील काठी हे पूर्वीच्या पश्चिम खानदेशातील एका मेवासी संस्थानाचे ठिकाण. येथील ‘राजवाडी होळी’ सातपुड्यात सर्वत्र प्रसिद्ध असून तिची परंपरा १२४६ पासूनची असल्याचे तेथे सांगितले जाते. फाल्गुनी पौर्णिमेच्या रात्री महाराष्ट्रातून, गुजरातेतून व मध्य प्रदेशातून भिल्ल व अन्य आदिवासी बांधव मोठ्या संख्येने येथे जमतात. सणापूर्वीचा भोंगऱ्या बाजार भरला की परिसरातील गावांत होळीचे वारे वाहू लागते आणि मजुरीसाठी दूर गेलेली कित्येक कुटुंबेही या सणासाठी घराकडे वळतात.

या होळीचा मानबिंदू म्हणजे तिचा दांडा. सुमारे ७० फूट उंचीचा, सरळ वाढलेला बांबू जंगलातून निवडून, माणसांच्या खांद्यांवरून गावात आणला जातो. तो रोवण्यासाठीचा खड्डा कुदळ किंवा पहार न वापरता हातांनी उकरण्याची प्रथा आहे. मग शेकडो हात लागतात व दांडा उभा राहतो. रात्रभर ढोल व पावरीच्या सुरांवर नृत्य चालते. मोरपिसांचे उंच टोप घातलेले, कमरेला वाळलेले भोपळे व घुंगरू बांधलेले, अंगावर राखेची नक्षी काढलेले बावा व बुध्या फेर धरतात. त्यांच्यापैकी अनेक जण नवस फेडण्यासाठी काही दिवस कडक व्रत पाळतात. या व्रताला पाळणी म्हणतात. पहाटे होळी पेटविली जाते आणि जळता दांडा कोसळल्यावर उत्सवाची सांगता होते.

आता आपली कसोटी लावून पाहावी. साध्य स्पष्ट आहे : दांडा उभा करावयाचा आहे. वाटही स्पष्ट आहे : जंगल, वाहतूक, खड्डा व उभारणी असे तिचे टप्पे डोळ्यांनी पाहता येतात. आणि कर्ता कोणी एकटा वीरपुरुष नाही. ७० फुटांचा बांबू कोणीही एकट्याने उभा करू शकत नाही. पण त्याला लागलेल्या हातांत प्रत्येक पाड्याचा हात असतो. ‘मला जमणार नाही’ असे म्हणणाऱ्या मुलाला ‘तुला जमेल’ असे सांगण्यापेक्षा ‘आपल्याला जमेल, तू येथे हात लाव’ असे सांगणे अधिक खरे व अधिक उपकारक असते. काठीचा दांडा हेच सांगतो.

या दृश्यात आणखीही एक मर्म आहे. एवढ्या श्रमाने उभा केलेला दांडा पहाटेला जळून पडतो, म्हणून कोणी श्रम वाया गेल्याचे म्हणत नाही. पुढच्या वर्षी नवा बांबू शोधावयाचा, हे सर्वांना ठाऊक असते. शाळेतही असेच घडते. मागील वर्षी आलेले वाचन सुट्टीत विसरले जाते, पाठ असलेला पाढा मध्येच तुटतो. ज्या मुलाने गावाला पुन्हा पुन्हा दांडा उभा करताना पाहिले आहे, त्याला पुन्हा आरंभ करण्यात कमीपणा वाटण्याचे कारण नाही. मात्र हा संबंध शिक्षकाने त्याच्या ध्यानी आणून द्यावयास हवा.

रोजच्या श्रमाचे एक उदाहरण

सण वर्षातून एकदाच येतो. म्हणून त्याच्या जोडीला रोजच्या कष्टांचे एखादे उदाहरण वर्गापुढे असावे. शेजारच्या धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातील बारीपाडा या आदिवासी गावाने १९९० नंतरच्या दशकापासून आपले उजाड झालेले जंगल राखावयास घेतले. तोडीवर बंदी घातली, नियम मोडणारास दंड ठरविला, पहारा ठेवला व पाणी अडविले. जंगल परत वाढले. या कामात पुढाकार घेणारे चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. उजाड टेकडी व हिरवी टेकडी अशी दोन चित्रे काढून त्यांच्या मध्ये पहारा, बांध व ग्रामसभा यांची छोटी चित्रे काढावीत. पहिल्या चित्रावरून शेवटच्या चित्रावर उडी मारू देऊ नये. कारण मुलाने शिकावयाचे ते मधल्या चित्रांतच आहे.

वर्गात योजना कशी करावी?

१. होळीपूर्वीच्या आठवड्यात मुलांशी दांड्याविषयी संभाषण करावे. त्यासंबंधीचे शब्द प्रथम मुलांच्या बोलीत विचारावेत, फळ्यावर लिहावेत व मग त्यांशेजारी प्रमाण मराठी शब्द लिहावेत.

२. अंगणात राखेने ७० फुटांची, म्हणजे सुमारे २१ मीटरची रेघ आखावी. चार फूट उंचीची किती मुले एकापुढे एक झोपली असता ती रेघ भरेल, हे आधी मुलांना अजमावू द्यावे व नंतर मोजून पाहावे. सतरा मुले झोपूनही दोन फूट शिल्लक राहतात, हे पाहून दांड्याची भव्यता व गणित दोन्ही मनात ठसतात.

३. गेरू, कोळसा व तांदळाचे पीठ वापरून भिंतीवर क्रमचित्रे काढावीत : जंगलातील बांबू, वाहून आणणारी माणसे, हातांनी उकरलेला खड्डा, उभा राहणारा दांडा व पहाट. चित्रे मुलांनीच काढावीत. वाकडी रेघ शिक्षकांनी सुधारू नये.

४. त्याखाली प्रत्येक मुलाने स्वतःचा एक छोटा दांडा काढावा. त्याच्या शेंड्याशी आपले साध्य लिहावे. उदाहरणार्थ, एक पान न अडखळता वाचणे किंवा सातचा पाढा. दांड्यावर पेरे पाडावीत व एकेक टप्पा पुरा होताच एकेक पेर रंगवावे. हे काम कोणाच्या मदतीने झाले, त्याचेही नाव पेराशेजारी लिहावे.

५. स्थलांतराहून परतलेल्या मुलाचा दांडा पहिल्याच दिवशी काढून घ्यावा. त्याचे पहिले पेर इतके सोपे असावे की ते त्याच दिवशी रंगविता येईल.

काही पथ्ये

काठीची होळी ही श्रद्धेची बाब आहे. पाळणी पाळणाऱ्यांची वेषभूषा स्नेहसंमेलनातील गंमत म्हणून मुलांना घालू नये. गावातील एखाद्या जाणत्या वडीलधाऱ्या व्यक्तीला शाळेत बोलावून तिच्या तोंडून माहिती ऐकवावी. त्या वेळी शिक्षकांनीही मुलांत बसून ऐकावे.

दुसरे पथ्य याहून महत्त्वाचे आहे. उपाशी मुलाला हसऱ्या चेहऱ्याचे चित्र दाखविणे हा विधायक विचार होत नाही. आधी त्याला शालेय पोषण आहार वेळेवर मिळाला का, हे पाहावे. जे मूल दुःखात आहे त्याला दुःख बोलू द्यावे. परिस्थितीचा जो भार आपण हलका करावयाचा, तो मुलाच्या वृत्तीवर ढकलण्यासाठी चित्रांचा आधार घेऊ नये.

ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे व नंतर कोसबाड येथे आदिवासी मुलांसाठी काम केले. तेव्हा गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत असे पाहून त्यांनी शाळाच कुरणात नेली. त्या कुरणशाळेचे दृश्य डोळ्यांपुढे आणावे. गुरे चरत आहेत, झाडाखाली मुले शिकत आहेत आणि शिक्षिका तेथवर चालत आलेली आहे. मुलाच्या दृष्टीने आशेचे पहिले चित्र बहुधा हेच असते : आपल्यासाठी कोणी तरी वाट काढून आले आहे. भिंतीवरची सर्व चित्रे त्यानंतरची. येत्या फाल्गुनात प्रत्येक शाळेने निदान एक भिंत मुलांच्या हाती द्यावी आणि परतून आलेल्या प्रत्येक मुलाच्या दांड्याचे पहिले पेर रंगलेले आहे, याची खात्री करून घ्यावी.