गोल्फच्या बंकरमधली वाळू आणि तुमच्या फोनमधली चिप

मोबाईलवर गोल्फचा गेम खेळताना चेंडू बंकरमध्ये गेला की आपण वैतागतो ना? खऱ्या मैदानावर तो वाळूचा खड्डा सांभाळणाऱ्यांचा वैताग त्याहून मोठा असतो.

खड्डा खणला, वाळू ओतली, झालं, असं नसतं. तळाला साधारण ४ ते ६ इंच वाळू, तिच्याखाली खडी आणि भोकं पाडलेला पाइप असतो. पावसाचं पाणी त्यातून निघून जातं. पण हळूहळू कडेची माती वाहून वाळूत मिसळते, पाणी मुरत नाही आणि बंकरचं डबकं होतं. मग कितीही दाताळं फिरवा, उपयोग शून्य. सगळी वाळू उपसायची, पाइप साफ करायचे किंवा बदलायचे आणि नवी वाळू भरायची.

नवी वाळू कोणती? गोल कणांची वाळू सरकते, चेंडू त्यात रुततो. टोकदार कण एकमेकांत अडकून घट्ट बसतात. अमेरिकेतल्या ऑगस्टा नॅशनलच्या (मास्टर्स स्पर्धा इथेच होते) पांढऱ्याशुभ्र बंकरमध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या स्प्रूस पाइनची क्वार्ट्झ वाळू आहे. फेल्डस्पार काढताना उरलेली!

आता खरी गंमत. याच गावच्या अतिशुद्ध क्वार्ट्झपासून सिलिकॉन वितळवायची भांडी बनतात आणि त्या सिलिकॉनपासून चिप. सप्टेंबर २०२४ मध्ये हेलीन वादळाने तिथल्या खाणी बंद पाडल्या, तेव्हा चिप उद्योगाचा जीव टांगणीला लागला. बंकरला दुसरी वाळू चालून जाईल, पण इतकं शुद्ध क्वार्ट्झ जगात फार थोड्या ठिकाणी मिळतं. खाणकाम ऑक्टोबरमध्ये पुन्हा सुरू झालं.